पटाचा बैल

दिवाळीला रामटेकला गेलो की माझा कार्यक्रम ठरलेला असतो. पहाटे गडावर जायचं, रामाचं दर्शन घ्यायचं, वरून अंबाळ्याकडे बघत थोडा वेळ नुसतं बसायचं आणि घरी येऊन फराळावर ताव मारून दुपारपर्यंत लोळायचं. मागच्या दिवाळीत मात्र पहिल्याच रात्री या कार्यक्रमाचे बारा वाजले.

रात्री दीडच्या सुमारास पाणी प्यायला उठलो तर माजघरात उजेड. आमचे भाचेबुवा, वय वर्षं पंधरा, इयत्ता दहावी, भिंतीला टेकून बसलेले. मोबाईल दोन्ही हातांत आडवा, कानांत बोंडं, खांदे वर चढून पार कानांना लागलेले. ऑनलाईन गाड्यांची शर्यत चालू होती. मी जवळ जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो दचकला नाही की वळला नाही. फक्त म्हणाला, "मामाजी, दोन मिनिटं थांबा ना. रँक जाते माझी."

टी-शर्ट घामानं ओला होता. बाहेर थंडी पडायला लागली होती आणि हा घामेजलेला. आणि छाती अशी धडधडत होती की पाठीवर ठेवलेल्या माझ्या तळहाताला ती कळत होती.

शर्यत संपली. साहेब आठात तिसरे आले होते. मी विचारलं, "काय रे, मजा येते का एवढी?"

"मजा?" त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी परीक्षेच्या हॉलमध्ये जाऊन मजा येते का विचारलं. "मामाजी, रँक्ड आहे हे."

अंथरुणावर येऊन पडलो, पण झोप काही येईना. तळहाताला ती धडधड चिकटून राहिली होती. आणि हे आपण आधी कुठेतरी पाहिलंय, हा हात असा कुणाच्या तरी अंगावर ठेवलेला आपण बघितलाय, असं सारखं वाटत होतं. मग आठवलं. आबाजी.

आमचे आबाजी, म्हणजे आईचे वडील, पटाचे शौकीन. पट म्हणजे शंकरपट. पुण्या-मुंबईकडच्या मंडळींसाठी सांगतो, तुमच्याकडे जी बैलगाडा शर्यत, तिचा हा आमच्या विदर्भातला भाऊबंद. शंकराचं वाहन नंदी, म्हणून शंकरपट, असं सांगतात. धानाची कापणी-मळणी उरकली, हातात चार पैसे आणि चार दिवस रिकामे आले की हिवाळ्यात गावोगावी पट भरायचे. शेजारी शेजारी दोन सरळ वाटा, हलका छकडा, त्याला जुंपलेली जोडी आणि वर हाकणारा धुरकरी. काही सेकंदांचा मामला. त्या काही सेकंदांसाठी वर्षभर बैलाला सरकी-ढेप, वर्षभर चालवणं-पळवणं. घरच्या पोरांपेक्षा जोडीची बडदास्त जास्त, ही आमच्या आजीची कायमची तक्रार.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत तर पट म्हणजे पूर्ण सण. पाहुणे यायचे, बाजार भरायचा, सोयरिकी जमायच्या. दिवसा पट आणि रात्री नाटक. झाडीपट्टीची रंगभूमी, जिच्या नाटक कंपन्यांचं मोठं केंद्र आजही वडसा-देसाईगंजला आहे, ती या पट-मंडईच्या आधारानंच वाढली. अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर तर पटासाठी प्रसिद्ध. तिथे बायकाही छकडा हाकतात.

तर मी सात-आठ वर्षांचा असेन, म्हणजे १९८२-८३ चा सुमार. आबाजी मला भंडाऱ्याकडच्या एका गावी पटाला घेऊन गेले होते. हिऱ्या आणि मोत्या ही त्यांची जोडी. सकाळच्या फेऱ्या जिंकल्या. दुपारची जिंकली. शेवटची फेरी राहिली. आबाजी मोत्याजवळ गेले आणि त्याच्या पुढच्या पायामागे, बरगडीवर हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ. लोक ओरडायला लागले, भोंग्यावरून नाव पुकारलं. आबाजी हललेच नाहीत. मग म्हणाले, "याचा जीव अजून ठिकाणावर नाही आला बाप्पा. सोड त्याले."

आणि जोडी सोडली. शेवटची फेरी न पळताच. लोकांनी हुर्यो केली. मोठे मामा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बक्षीस काय होतं ते मला आठवत नाही, पण मोठे मामा ते मरेपर्यंत विसरले नाहीत.

आता, आबाजींना मी संत बनवत नाही. त्यांच्या तुतारीलाही आर होती. ती त्यांनी वापरलेली मी पाहिली आहे, बैलाच्या पुठ्ठ्यावर रक्ताचे ठिपके पाहिले आहेत. शेपट्या पिरगळणारे, त्याहून वाईट काही करणारे लोकही त्याच मैदानात असायचे. आम्ही पोरं ते बघून टाळ्या पिटायचो. शर्यतीची ईर्षा माणसाची, पैज माणसाची, फेटा उडवणारा माणूस, आणि ताण सगळा बैलाचा. 'ताण' हा शब्द तरी मुळात कुठला? दोरीचाच ना. कासरा एका टोकाला धरायचा आणि ताण दुसऱ्या टोकाला बसायचा.

हा ताण शेवटी कोर्टात गेला. २०११ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून खेळ-प्रदर्शनासाठी वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्ही थांबवल्या. त्या निकालात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा उल्लेख आहे. भूक-तहान, दुखणं-खुपणं यांच्या जोडीनं त्यात भीती आणि मानसिक त्रास यांपासूनचं स्वातंत्र्यही आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बैलाला नुसती जखम होते असं नाही, त्याला टेन्शन येतं, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं. पुढे २०१७ मध्ये महाराष्ट्रानं स्वतःची दुरुस्ती केली, ती हायकोर्टात अडकली. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं अटींवर शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले. आता पट पुन्हा भरतात. बैलाची तपासणी हवी, काठी-चाबूक नको, विजेचा धक्का नको, अशा अटी आहेत. त्या किती पाळल्या जातात हा वेगळा विषय. पण कागदावर का होईना, बैलाच्या ताणाला हद्द आहे.

आता भाच्याच्या शर्यतीकडे येऊ. तिचाही इतिहास आहे, आणि मोबाईलवाल्या पोरांना वाटतो त्यापेक्षा जुना.

१९७४ मध्ये अटारी कंपनीनं 'ग्रॅन ट्रॅक १०' नावाचं यंत्र आणलं. नाणं टाकायचं, खरंखुरं स्टिअरिंग धरायचं आणि घड्याळाशी शर्यत लावायची. समोर दुसरा माणूस नाही. १९८२ मध्ये नामको कंपनीचं 'पोल पोझिशन' आलं, त्यात दुसऱ्या गाड्या होत्या पण त्या यंत्रच चालवायचं. यंत्रापुढे हरलं तर नाणं गेलं, बास. इज्जत जात नव्हती.

आमच्या पिढीला हा खेळ भेटला तो 'रोड रॅश' आणि 'नीड फॉर स्पीड' मधून. नागपुरात सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आम्ही चार मित्र चार कॉम्प्युटर लॅनवर जोडून खेळायचो. म्हणजे टेबलाखालून गेलेल्या वायरीनं. ती शर्यत खरं तर पटाच्या जवळची होती. हरवणारा शेजारच्याच खुर्चीवर. फारच पुढे गेला तर त्याच्या खुर्चीला लाथ घालायची सोय होती. तास संपला की शर्यत संपली, कारण खिशातले पैसे संपले. मग चौघं मिळून तर्री पोहे. रात्री झोपताना मी चौघांत शेवटचा आलो हे कुणाच्याच लक्षात नसायचं, माझ्यासुद्धा.

मग वायर टेबलाखालून निघून समुद्राखाली गेली, आणि दोन गोष्टी बदलल्या.

पहिली गोष्ट अंतराची. यक्षानं याच रामगिरीवरून मेघाला निरोप देऊन पाठवलं, तेव्हा तो कधी पोचेल याची त्याला मिलिसेकंदात चिंता नव्हती. वाटेत उज्जैनला वाकडी वाट करून जा, असंही तो आग्रहानं सांगतो! आमच्या भाच्याला ती चैन नाही. त्याच्या बोटाची हालचाल सिंगापूरच्या सर्व्हरला जाऊन परत यायची तर सरळ रेषेतच जाऊन-येऊन सात हजार किलोमीटर होतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे अगदी आदर्श स्थितीतही ३५ मिलिसेकंद, आणि प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी जास्त. आता गंमत बघा. ताशी २०० किलोमीटरनं जाणारी गाडी १०० मिलिसेकंदांत साडेपाच मीटर पुढे जाते. म्हणजे अख्ख्या गाडीपेक्षा जास्त. मग स्क्रीनवर शेजारी दिसणारी गाडी असते तरी कुठे? तर ती असते अंदाजानं. मागचा वेग आणि दिशा धरून कॉम्प्युटर ती आता कुठे असेल याचं गणित करतो आणि तिथे दाखवतो. अमेरिकन सैन्यानं ८० च्या दशकात रणगाड्यांच्या सरावासाठी यंत्रं एकमेकांना जोडली, तेव्हापासून ही युक्ती चालत आली आहे. अंदाज चुकला की गाडी टुणकन उडी मारते, न झालेली टक्कर होते, आणि पोरगा ओरडतो, "मी लागलोच नव्हतो त्याला!" तो खरं बोलत असतो. त्याच्या स्क्रीनवर तो लागलेलाच नसतो. समोरच्याच्या स्क्रीनवर लागलेला असतो. पटात भांडण झालं तर पंच होते, शेकडो डोळे होते. इथे दोघांनी दोन वेगळ्या शर्यती पाहिलेल्या असतात.

ही नुसती पोरांची रडारड नाही. जानेवारी २०२३ मध्ये ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीची ऑनलाईन आवृत्ती झाली. त्यात फॉर्म्युला वनचा तेव्हाचा जगज्जेता मॅक्स वेरस्टॅपन आघाडीवर असताना त्याचं कनेक्शन तुटलं. खऱ्या ट्रॅकवर ताशी ३०० च्या वर गाडी हाकणारा तो माणूस संतापून शर्यत सोडून गेला. मग आमच्या रामटेकच्या पोराचं काय घेऊन बसलात!

दुसरी गोष्ट आकड्याची, आणि ताणाचं खरं मूळ माझ्या मते इथे आहे. अर्पाद एलो नावाचे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक होते. बुद्धिबळाचे पट्टीचे खेळाडू. त्यांनी खेळाडूची ताकद एका आकड्यात मांडायची पद्धत बसवली. अमेरिकन बुद्धिबळ संघटनेनं ती १९६० मध्ये घेतली, जागतिक संघटनेनं १९७० मध्ये. जिंकलात की आकडा वर, हरलात की खाली. मूळ कल्पनेत तुमचे वाढतात तेवढेच समोरच्याचे कमी होतात. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अशीच, पण अनेक खेळाडूंना एकदम तोलणारी पद्धत एक्सबॉक्ससाठी आणली. २००८ मध्ये आलेल्या 'आयरेसिंग' मध्ये तर दोन आकडे. एक किती जोरात चालवता त्याचा, दुसरा किती सांभाळून चालवता त्याचा. आणि टक्कर झाली की चूक कुणाची हे न बघता नोंद दोघांच्याही नावावर. २०१७ च्या 'ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट' नं अशी दोन आकड्यांची पद्धत दिवाणखान्यात आणली.

आकड्याचा हेतू चांगला आहे. नवशिक्याला तरबेज माणसापुढे उभं करू नये, तोलामोलाची जोडी लागावी. पण याचा परिणाम काय होतो बघा. आठही जण तुमच्याच तोडीचे असतील तर आठ शर्यतींतून सरासरी एकच तुमची. सात वेळा हरायचंच. तुम्ही सुधारलात की समोरचेही बदलतात, तुमच्या नव्या तोडीचे येतात. म्हणजे पुन्हा सात वेळा हार. पोरगा सहा महिन्यांत खरोखर चांगला चालवायला लागलेला असतो, पण त्याला ते कधीच जाणवत नाही. त्यात कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेलं आहेच, की शंभर मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख मोठं असतं. म्हणून तो 'खेळतो' असं न म्हणता 'रँक वाचवतो' म्हणतो.

१९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांना विजेचे धक्के देऊन एक प्रयोग केला होता. (तुतारीच म्हणा ना!) काम अवघड असेल तर मध्यम धक्क्यानं उंदीर लवकर शिकतात, फार जोरदार धक्क्यानं उलट मागे पडतात, असं त्यांना दिसलं. हे आबाजींना कुणी सांगायची गरज नव्हती. ते हात ठेवून बघत होते.

आणि इथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पटात धुरकरी वेगळा आणि बैल वेगळा. म्हणून धुरकऱ्याला हात ठेवून बघता येत होतं, दया आली तर सोडता येत होतं, नाही आली तर कोर्ट होतं. भाच्याच्या शर्यतीत बैल नाही. म्हणजे आहे, पण तो स्वतःच आहे. तुतारी त्याच्याच हातात आणि पुठ्ठाही त्याचाच. मग जीव ठिकाणावर आला की नाही हे बघणारा हात कुणाचा? शिवाय पट वर्षातून एकदा, दिवस मावळला की बंद. संध्याकाळी हरलेला-जिंकलेला एका पंगतीला, रात्री एकाच नाटकाला. इथे पुढची शर्यत वीस सेकंदांत सुरू होते, आणि हरवणाऱ्याचं तोंडसुद्धा बघायला मिळत नाही.

अर्थात दुसरी बाजू मी त्याच्याकडूनच ऐकली. दुसऱ्या दिवशी आम्ही खिंडसीला गेलो होतो, पाण्याकाठी बसून मी हे सगळं पटाचं पुराण त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "पण मामाजी, पटाची जोडी काय सगळ्यांच्या घरी होती का? आबाजीकडे वावर होतं म्हणून. माझ्याकडे साधा फोन आहे, तरी मी कुठल्याही देशातल्या पोराले हरवतो. कोणी विचारत नाही तू कोणाचा."

मला याचं उत्तर देता आलं नाही. अजूनही नाही. त्याचं बरोबरच आहे.

मग त्यानं विचारलं, "आबाजीनं सोडलं तेव्हा हरले असं धरलं का?"

"हो. हरलेच."

"अन् तरी सोडलं?"

"तरी सोडलं."

तो पाण्यात खडे मारत बसला. घरी आल्यावर मान दुखते म्हणाला. आईनं, म्हणजे त्याच्या आजीनं, वाटीत खोबरेल तेल कोमट केलं आणि त्याला पुढ्यात बसवून खांदे चोळायला घेतलं. मी बघतच राहिलो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आबाजी असंच करायचे. खांदेशेकणी. तूप-हळद लावून बैलांचे खांदे शेकायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं त्यांना आवतण द्यायचं. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याची ती माफीच म्हणायची. हाच पोरगा चार वर्षांचा असताना तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत गल्लीभर फिरला होता. तो बैल अजून आमच्या फडताळावर आहे.

आम्ही एक करार केला आहे. मोबाईल काढून घेतला नाही. दहावीच्या पोराचा मोबाईल काढून घेऊन काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. फक्त एवढंच, की दोन शर्यतींच्या मध्ये त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवायचा. जीव ठिकाणावर असेल तर पुढची. नसेल तर सोडायचं, मग रँक गेली तरी चालेल. तो हे रोज पाळतो असा माझा मुळीच दावा नाही. पण परवा फोनवर बोलता बोलता हळूच म्हणाला, "मामाजी, काल दोनदा सोडलं." ताई, तू हे वाचत असशील तर त्याला 'बाकीच्या वेळा का नाही सोडलं' असं विचारू नकोस, प्लीज.

फोन ठेवायच्या आधी त्यानं आणखी एक विचारलं, "मोत्या मग पुढच्या वर्षी पळला का?"

"पळला ना."

"जिंकला?"

मी खूप आठवून पाहिलं. आबाजींचा तो बरगडीवरचा हात आठवतो, मोत्याचं हलणारं पोट आठवतं, मोठ्या मामांचा चेहरा आठवतो. पुढच्या वर्षी कोण जिंकलं ते काही केल्या आठवत नाही.